टिपणीससाहेबांचा आंब्याचा खांब

मी एकतीस वर्षं पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत काढली. आता निवृत्त झालो, त्यामुळे कुणी विचारलं तर उघडपणे सांगतो. नोकरीत असताना मात्र मी हे सांगायचं टाळत असे, कारण ऐकणारा माणूस नकळत आपली खुर्ची मागे सरकवायचा. लग्नाच्या पंगतीत तर मी 'केमिकल लाइनला आहे' एवढंच सांगून श्रीखंडाकडे वळायचो.

आमचं ऑफिस अंधेरीला होतं आणि आमच्या गाडीच्या पाठीवर उताणं पडलेलं एक भलंमोठं झुरळ रंगवलेलं होतं. कुणा हुशार माणसाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली असेल ते असो, पण त्या झुरळाने आमचं जिणं नकोसं केलं होतं. कारण गिऱ्हाईक फोनवर पहिलं वाक्य बोलायचं ते असं: "गाडी आमच्या गेटाशी लावू नका, पुढच्या सोसायटीशी लावा." ढेकूण सगळ्यांकडे असायचे, पण ते शेजाऱ्यांकडून आलेले असायचे. मुलुंडला एकाच मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी एकमेकांच्या नकळत एकाच दिवशी आम्हाला बोलावलं होतं. जिन्यात गाठ पडली तेव्हा दोघांनीही माझी आपला लांबचा नातेवाईक म्हणून ओळख करून दिली. घाटकोपरच्या एका गुजराती बेनला जीवहत्या चालत नव्हती. त्या म्हणाल्या, "मारायचा नाय हं भाई, नुसता बाहेर काढायचा." मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठे? त्यांनी समोरची बी विंग दाखवली.

सांगायचा मुद्दा असा की आमच्या धंद्यात औषधाइतकीच गुप्तता लागते. ती मला चांगली जमते असं मला वाटायचं. बोरीवलीच्या एका घरानं माझा हा समज खोटा ठरवला, आणि त्याच घरात मी असं एक काम केलं की जे आज सांगायला बसलो तरी जीभ जरा अडखळते.

झुरळं, ढेकूण, उंदीर ही आमची रोजची भाजी-भाकरी. खरी परीक्षा वाळवीची. वाळवी जमिनीत राहते आणि उजेडात येत नाही. भिंतीवरून जायचं झालं तर मातीची नळी बांधत, त्या नळीच्या आतून जाते. लाकूड खाते तेही आतून, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. म्हणून आम्ही लाकूड बघत नाही, ऐकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. चांगलं लाकूड टणक बोलतं, खाल्लेलं भदभद करतं. उपाय म्हणजे जमिनीला गिरमिटाने भोकं पाडायची आणि औषध जिरवायचं. लाकडात मारायचं ते रॉकेलमध्ये कालवतात, जमिनीत ओतायचं ते पाण्यात. फळझाड असेल तर त्याच्या बुंध्यापासून दोन हात अंतर सोडायचं, हा आमचा पाठ असलेला नियम.

त्या वर्षी फेब्रुवारीत ऑफिसात एका बाईंचा फोन आला. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाला टेकून त्यांचा बंगला होता. गाडी आणू नका, असं त्या म्हणाल्या. ते नेहमीचंच. युनिफॉर्म घालू नका, पंप आणू नका, हेही समजू शकतो. पण पुढे म्हणाल्या, "रविवारी अकराला या. पंचवीसेक विद्यार्थी घर बघायला येणार आहेत, त्यांच्यात मिसळून बघून घ्या. साहेबांनी विचारलं तर सांगा, तुम्ही माझ्या माहेरचे, चौलचे. सुतारकाम करता."

घर बघायला विद्यार्थी कशाला येतात, ते मला तिथे गेल्यावर कळलं. 'सोबत' हे घर आर्किटेक्ट लोकांत फार प्रसिद्ध होतं. टिपणीससाहेब स्वतः आर्किटेक्ट. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ही जागा घेतली तेव्हा तिथे एक जुना फणस होता. दुसऱ्या कुणीही आधी फणस तोडला असता. साहेबांनी फणस मधे ठेवला आणि त्याच्याभोवती घर बांधलं. फणस दिवाणखान्यात उभा, त्याचा शेंडा कौलांतून वर. भिंती मातीच्या, खिडक्यांना गज नाहीत, जमीन शेणाने सारवलेली. घरासाठी एकही झाड पाडलं नव्हतं. जागेवरचा एक आंबा वादळात आपसूक पडला, त्याचाच मधला मोठा खांब केला. तो खांब फणसापासून वीतभर अंतरावर उभा होता आणि त्याच्यावर लाकडी माळा तोललेला होता. पाहुणे त्या माळ्यावर चढून फणसाच्या फांद्यांत डोकं घालून उभे राहायचे.

आता आंब्याचं लाकूड म्हणजे वाळवीला केळवण. सागाचा गाभा ती चटकन तोंडात घेत नाही, आंबा मात्र आवडीने खाते. हे मला कळतं आणि एवढ्या मोठ्या साहेबांना कळू नये, याचं मला मनातल्या मनात हसू आलं.

साहेब साठीचे, उंच, खादीचा झब्बा आणि पायात काही नाही. सगळ्यांच्या चपला त्यांनी बाहेर काढायला लावल्या. पुढे दीड तास ते घर दाखवत होते. खिडकीत चिमणीने घरटं केलं म्हणून ती खिडकी पाच महिने उघडलेली नव्हती. स्वयंपाकघरात मुंग्यांची एक रांग होती. तिला वाट मिळावी म्हणून ओट्याचा कोपरा गोल केला होता. माकडं येऊन डबे उघडायची, म्हणून डब्यांना झाकणंच ठेवली नव्हती, निदान झाकणं तरी हरवू नयेत. मुलं भराभर लिहून घेत होती. मागे बाई सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या डब्यांतलं धान्य रोज कोण निवडत असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं.

खांबाशी आल्यावर साहेबांनी त्याच्यावर तळहात ठेवला. म्हणाले, "या घरानं आजवर कुणालाही बाहेर काढलेलं नाही. विषाचा एक थेंब या जमिनीला माहीत नाही. हे एकच वाक्य लिहून घेतलंत तरी चालेल, बाकी सगळं विसरा."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी तेवढ्यात खांबाच्या मागे जाऊन हळूच ठोकून बघितलं. भद. जरा वर ठोकलं. भद. छातीच्या उंचीवर कुठे लाकडाने जरा बरा आवाज दिला. पायाशी बोटभर जाडीची मातीची नळी ओलसर, ताजी होती. माळ्यावर त्या वेळी बारा मुलं चढली होती आणि फळ्या कुरकुरत होत्या.

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही चौलचे ना? हिनं सांगितलं. लाकडाची आवड दिसते."

"हो. सुतारकाम करतो."

"वा. आबा कसे आहेत? गुडघे फार दुखायचे त्यांचे."

आबा म्हणजे बाईंचे वडील असणार, एवढा अंदाज मी केला. म्हटलं, "आता बरंच बरं आहे. देवळापर्यंत चालत जातात."

"अरे वा," साहेब म्हणाले. "या, तुम्हाला मागे एक गंमत दाखवतो."

मुलं सरबत पीत होती. साहेब मला परसात घेऊन गेले. तिथे जमिनीवर एक लांबट चौकोन नुसताच पडला होता, गवत नसलेला.

"आबांना जाऊन तीन वर्षं झाली," साहेब शांतपणे म्हणाले. "पेस्ट कंट्रोलवाले ना तुम्ही?"

माझी वाट लागली. मी नुसती मान हलवली.

"बाकीचे छताकडे बघत होते. तुम्ही सगळा वेळ भिंतीच्या पायाशी बघत होता. काही हरकत नाही. नाव काय?"

"परब."

"परब, इथे एक ओंडका असायचा. पांगाऱ्याचा, मऊ. दर दिवाळीला मी नवा आणून टाकायचो. जेवायच्या आधी आपण कावळ्याला घास ठेवतो ना, तसा हा वाळवीचा घास. ती इथे जेवायची, घरात यायची नाही. अकरा वर्षं आली नाही."

हे शास्त्राला कितपत धरून आहे ते मला सांगता येणार नाही. आमच्या कंपनीच्या पुस्तकात वाळवीला जेवायला घालण्याचा उपाय नव्हता. पण आंब्याचा खांब अकरा वर्षं टिकला होता, हेही मी डोळ्यांनी बघत होतो, आणि मघाचं माझं हसू जरा जागेवर आलं.

"मग ओंडका कुठे गेला?" मी विचारलं.

साहेबांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून घेतलं. "डिसेंबरात मी आठ दिवस बाहेरगावी होतो. परदेशी पाहुणे यायचे होते. हिला तो ओंडका ओंगळ वाटत असणार. बागेतल्या माळीबुवांकडून फोडून घेतला आणि बंबात घातला. मी आलो तर बंबाच्या राखेत मातीचे पापुद्रे. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार कडकडीत होतं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? परब, या घरात अकरा वर्षांत डाळीत किती वेळा पाल पडली असेल? हिनं डाळ बदलली, घर बदलू म्हणाली नाही. लोक माझं कौतुक करतात, झाडलोट ती करते. तिला वाटतंय की हे मला कळू नये. तर नाही कळलं." मग त्यांनी विचारलं, "खांब किती दिवस काढेल?"

"पावसाळा काढणार नाही, साहेब. आणि माळ्यावर एवढी माणसं चढवू नका."

"औषधाने थांबेल?"

"वाळवी थांबेल. लाकडाला बाजूने टेकू द्यावा लागेल."

ते फणसाकडे बघत म्हणाले, "बुधवारी या. मी दिवसभर कॉलेजात असतो. हिला सांगू नका की मला माहीत आहे."

"पण साहेब, तुम्ही आत्ताच सांगितलंत, विषाचा एक थेंब..."

"ते मी सांगतो. तुम्ही तुमचं काम करा."

निघताना बाईंनी मला फाटकाशी गाठलं आणि कुजबुजत सगळी कबुली दिली: ओंडका, बंब, सगळं. "मला वाटलं, जुनाट लाकूड आहे. त्याचा काही उपयोग असेल असं वाटलंच नाही हो. ह्यांनी एकदा सांगितलं होतं, पण ह्यांचं सगळंच लक्षात ठेवायचं म्हटलं तर मला वेड लागेल. त्यांचं ते वाक्य मासिकात छापून आलंय. औषधाचं कळलं तर घर पडू देतील, पण मारू देणार नाहीत. तुम्ही बुधवारी या. बुधवारी ते कॉलेजात असतात."

अशा तऱ्हेने मला एकाच कामासाठी, एकाच दिवशी, एकाच घरातल्या दोघांनी एकमेकांपासून चोरून बोलावलं. मुलुंडचं ते जिन्यातलं प्रकरण याच्यापुढे काहीच नव्हतं.

बुधवारी मी एकटाच गेलो. पंप गोणपाटात गुंडाळून नेला. बाईंनी दार लावून घेतलं आणि थेट शेगडी पेटवली. रॉकेलचा वास संध्याकाळपर्यंत जाणार नाही, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "त्याची सोय केलीय," आणि सुके बोंबील तळायला घेतले. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत त्या बोंबील तळत होत्या. नॅशनल पार्कातली निम्मी माकडं कुंपणावर येऊन बसली.

मी खांबात तिरकी भोकं पाडून रॉकेलमधलं औषध भरलं. मग जमिनीकडे वळलो आणि थांबलो. खांबाच्या चारी बाजूंना औषध जिरवलं तरच वाळवी तुटणार होती. आणि खांबापासून फणस वीतभर अंतरावर होता. दोन हात सोडायचे म्हटले तर फणसाकडची अख्खी बाजू मोकळी राहत होती. मी गिरमिट हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. ऑफिसला फोन करून विचारता आलं असतं. बाईंना सांगता आलं असतं की फणसाला लागेल. पण सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. मग खांब गेला असता, आणि माझं काम अपुरं राहिलं असतं. खरं सांगतो, मला अपुऱ्या कामाचीच जास्त चीड होती. वीस घरांत वाळवी परत आली म्हणून ऑफिसात बोलणी खाल्ली होती, इथे ती परत येऊ द्यायची नव्हती. मी फणसाच्या मुळांतूनच सहा भोकं पाडली आणि औषध भरपूर ओतलं. जमिनीने ते पिऊन टाकलं. वरून शेण सारवायला बाईंनीच मदत केली.

साडेतीनला साहेब आले. मी हात धूत होतो.

"अरे, चौलची मंडळी," साहेब म्हणाले. "सगळे बरे आहेत ना?"

"हो, सगळे बरे."

"आबा?"

मी बाईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "चालतात," मी म्हटलं.

साहेबांनी नाक वर करून वास घेतला. "बोंबील झकास झालेले दिसतात. वाढ बघू."

बाईंनी वाढले आणि साहेबांनी ते निमूटपणे सगळे खाल्ले. मला नंतर कळलं की त्यांना बोंबील मुळीच आवडत नसत.

औषध मारल्यावर तीन महिन्यांनी जाऊन तपासायचं, ही आमची पद्धत. मे महिन्यात बाईंचा पुन्हा तसाच फोन आला: रविवारी या, विदर्भातल्या एका कॉलेजची मुलं येणार आहेत. फेब्रुवारीनंतर साहेबांनी एकदाही कुणाला घर दाखवलं नव्हतं. कधी परीक्षेचं कारण सांगितलं, कधी तब्येतीचं. बाईंना याचं नवल वाटत होतं. मला कारण कळत होतं, पण सांगायची चोरी.

मी गेलो. खांबाला बाजूने सागाचे दोन टेकू दिलेले होते, आणि माळ्यावर एका वेळी पाचच जणांनी जायचं, अशी पाटी लागली होती. कारण लिहिलं होतं 'शांततेसाठी'. मी ठोकून बघितलं. नळ्या वाळून पडल्या होत्या. वाळवी साफ तुटली होती. फणसही बहरात होता, बुंध्यापासूनच फळं लागली होती, आणि माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

साहेब नेहमीप्रमाणे बोलत होते. चिमणी झाली, मुंग्या झाल्या. खांबाशी आले, तळहात ठेवला आणि म्हणाले, "हा आंबा वादळात पडलेला. चला, पुढे जाऊ."

बाई ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली.

चष्मा लावलेली एक मुलगी वही उघडून पुढे आली. "सर, तुमचं ते वाक्य मासिकात वाचलं होतं. विषाचा एक थेंब या जमिनीला माहीत नाही. पण हे तर आंब्याचं लाकूड आहे. वाळवीचं काय करता?"

साहेबांना खोटं बोलायला फार सोपं होतं. ओंडक्याची गोष्ट त्यांना पाठ होती. पण ते म्हणाले, "ते वाक्य आता खोडा. औषध मारलंय. फेब्रुवारीत. मी मारून घेतलं."

"अहो, काय सांगताय?" बाई मागून म्हणाल्या. ट्रे त्यांनी तसाच एका मुलाच्या हातात दिला. "ह्यांनी काही केलेलं नाही. मी बोलावलं होतं. हे काय, हे उभे आहेत ते परब. पेस्ट कंट्रोलचे."

पंचवीस माना माझ्याकडे वळल्या.

"मीच त्यांना बुधवारी या म्हणालो," साहेब म्हणाले.

"बुधवारी या असं मी म्हणाले."

"बाई, दोघंही म्हणालात," मी मधे पडलो, आणि मग सगळंच बाहेर आलं. बाईंनी ओंडका बंबात घातल्याचं पोरांसमोर सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"बंब तापला तेव्हापासून."

बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मग पाच तास मी बोंबील कशासाठी तळत होते?"

"मी तरी ते कशासाठी खाल्ले?" साहेब म्हणाले.

मुलं खो खो हसायला लागली, आणि चष्मेवाली मुलगी हेही लिहून घेत होती. बाईंनी डोळ्यांना पदर लावला होता, पण त्याही हसत होत्या. अकरा वर्षं त्या ट्रे घेऊन मागे उभ्या राहिल्या होत्या, आज साहेबांनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं आणि आपल्याशेजारी खांबाला टेकून उभं केलं.

"आता पुढचं परब सांगतील," साहेब म्हणाले. "या घरात आजवर मी एकटाच बोललो."

माझ्या अख्ख्या नोकरीत मला कुणी असा मान दिला नव्हता. युनिफॉर्म नसताना, नातेवाईक न होता, मी पेस्ट कंट्रोलवाला म्हणून पंचवीस शिकलेल्या मुलांसमोर उभा होतो. मी रंगात आलो. वाळवी कशी राहते, लाकूड कसं ऐकायचं, भोकं किती खोल पाडायची, सगळं सांगितलं. मुलं साहेबांचं लिहून घेत तसंच माझंही लिहून घेत होती.

साहेबांनी मधे एकच प्रश्न विचारला. "हे औषध जमिनीत किती दिवस राहतं?"

हा तर आमचा जाहिरातीचा मुद्दा. मी छाती फुगवून म्हणालो, "दिवस नाही साहेब, वर्षं. वीस-पंचवीस वर्षं कुठे जात नाही."

साहेबांनी खाली सारवलेल्या जमिनीकडे बघितलं. बाईंनी वर बघितलं, फणसाकडे.

"मग फणस?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांना उन्हाळ्यात गरे द्यायचे, अशी त्या घरची रीत होती. आतल्या ओट्यावर त्या दिवशी फणस फोडून गरे परातीत काढूनच ठेवले होते. त्यांचा घमघमाट घरभर सुटला होता. फळझाडापासून किती अंतर सोडायचं ते मला पाठ होतं, किती सोडलं तेही माहीत होतं. मी म्हणालो, "काही होत नाही बाई. झाड किती मोठं आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

बाई आत गेल्या. मी दारातून बघत होतो. त्यांनी परातीवर फडकं टाकलं आणि ती मांडणीच्या मागे सरकवली. बाहेर येऊन मुलांना म्हणाल्या, "सरबत घ्या रे आणखी. गरे आज नाहीत." साहेबांना हळू आवाजात म्हणाल्या, "आपण दोघं खाऊ. पोरांना नको." साहेबांनी मान डोलावली.

मला ते फार लागलं. आता माझ्यावर, माझ्या धंद्यावर कुणाचा विश्वास नाही, असं वाटलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, मला द्या एक फणस. मी नेतो. घरी माझी पोरं खातील. काही होत नसतं."

साहेबांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग स्वतः झाडावरून पिकलेला एक फणस उतरवला आणि फाटकापर्यंत आणून माझ्या खांद्यावर ठेवला. "संभाळून न्या," एवढंच म्हणाले.

दोन बस बदलून मी तो घाटकोपरला आणला. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं. चाळीत शिरलो तशी चार बिऱ्हाडं वासाने बाहेर आली. आम्ही मालवणकडचे, आणि त्या साली गावाला जाणं झालं नव्हतं. बायको फणस बघून हरखलीच.

"खंयसून हाडलात हो?" कुठून आणला ते तिने विचारलं. "कापो की बरको?"

"गिऱ्हाइकान दिल्यान," मी म्हटलं.

तिने विळीला आणि हाताला तेल लावलं, वर्तमानपत्र पसरलं. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. दोघंही पुढ्यात मांडी घालून बसली. पिवळेधमक गरे एकेक निघून कागदावर पडायला लागले. मुलीने त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि दोन्ही हातांनी तोंडाकडे नेला. मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

"थांब गो," मी बायकोला म्हटलं. "पोरांका नको."

मुलगी रडायला लागली. बायकोचे तेलाचे हात तसेच अधांतरी राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मगे हाडलात कित्याक?"

कशाला आणला ते सांगायच्या ऐवजी मी तो गरा तोंडात टाकला. कापा होता, घट्ट आणि गोड. दुसरा मला उचलवला नाही.